गुळाचा खडा आणि पेशीचा गुन्हा

पेट स्कॅनचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. घरात नाही तर फॅमिली ग्रुपवर तरी. करड्या रंगाची माणसाची आकृती आणि तिच्यात इथे-तिथे झगमगणारे ठिपके. रिपोर्ट आला की कुणीतरी त्याचा फोटो टाकतं आणि खाली दुसरं कुणीतरी विचारतं, "बापरे, मेंदूतपण?" मेंदू झगमगतोच. तो प्रत्येकाचा झगमगतो. मूत्राशय तर लख्ख पेटलेलं दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

होतं असं, की स्कॅनच्या आधी माणसाला काही तास उपाशी ठेवतात. मग ग्लुकोजसारखा एक रेणू शिरेतून देतात. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं, ज्याचं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पहिल्या पायरीनंतर तो पुढे पचत नाही, आतच अडकून बसतो. जिथे साखरेची ओढ जास्त, तिथे तो जास्त साठतो आणि पडद्यावर ती जागा उजळते. मेंदू ग्लुकोजवर चालतो म्हणून तो उजळ. मूत्रपिंडं हा पदार्थ लघवीवाटे बाहेर टाकतात म्हणून मूत्राशय उजळ. बऱ्याच प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी साखर अक्षरशः ओरपतात म्हणून गाठ उजळ. आणि टीबीची गाठसुद्धा उजळ! आपल्या देशात ही नेहमीची पंचाईत आहे. टीबीशी लढायला जमलेल्या पांढऱ्या पेशींनाही साखर भरपूर लागते. म्हणून उजळलेल्या जागेतून तुकडा काढून तपासल्याशिवाय शहाणा डॉक्टर ठाम काही बोलत नाही.

म्हणजे मशीनला फक्त भूक कळते. ती भूक कोणाची, कशासाठी, हे त्याला कळत नाही. आपल्याला मात्र भुकेचा लगेच न्याय करायचा असतो. कॅन्सरबद्दल बोलताना आपण वापरतो ते शब्द बघा: बंडखोर पेशी, स्वार्थी पेशी, बेलगाम वाढ. म्हातारपणाबद्दल हल्ली वेगळे शब्द आलेत, आणि ते आमच्या धंद्यातले आहेत. एजिंग हा म्हणे एक बग आहे, आज ना उद्या फिक्स होईल. एकात गुन्हेगार शोधलाय, दुसऱ्यात चुकीची ओळ. पेशी ऊर्जा कशी मिळवते आणि कशी खर्च करते हे थोडं खोलात वाचायला लागलो, तेव्हा या दोन्ही गोष्टी मला पटेनाशा झाल्या. आणि हा नुसता शब्दांचा वाद नाही. त्या शब्दांची किंमत आजारी माणूस मोजतो.

*

आधी थोडं बारावीचं जीवशास्त्र, माझ्यासारख्या ज्यांनी ते परीक्षेनंतर मिटून ठेवलं त्यांच्यासाठी.

पेशीतली बहुतेक सगळी कामं एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. शाळेत याला 'ऊर्जेचं चलन' म्हणायचे. शरीरात कुठल्याही क्षणी ते थोडंसंच असतं, पण ते इतक्या वेगाने मोडतं आणि पुन्हा बनतं की दिवसभराची उलाढाल मोजली तर ती साधारण आपल्या स्वतःच्या वजनाएवढी भरते. हा रेणू १९२९ साली सापडला. जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. हार्वर्डने त्यांना कायमची नोकरी दिली नाही. पुढे ते लेडर्ले नावाच्या औषध कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या गटाने फॉलिक आम्लाला अडवणारी औषधं बनवली. १९४७-४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक औषध रक्ताच्या कॅन्सरने आजारी मुलांना दिलं आणि काही मुलांचा आजार, काही काळापुरता का होईना, मागे हटला. केमोथेरपीच्या सुरुवातीच्या पानांपैकी हे एक. त्याचाच भाऊ असलेलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. जगण्याचं चलन ज्याच्या हाताला लागलं, त्याच माणसाच्या हातून वाढ रोखणारं औषध आलं. १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी ते गेले. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक धडा असायला काय हरकत होती, हा प्रश्न बाजूला ठेवू.

तर हे चलन छापायच्या दोन पद्धती आहेत. पहिली झटपट: ग्लुकोजचा रेणू अर्धा तोडायचा, २ एटीपी मिळवायचे आणि उरलेला माल लॅक्टेट करून बाहेर टाकायचा. याला ऑक्सिजन लागत नाही. पळताना स्नायू हेच करतात. दुसरी पद्धत मायटोकाँड्रियातली. तिथे ग्लुकोजचा ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण निकाल लागतो आणि एकूण ३० ते ३२ एटीपी मिळतात. (परीक्षेत आपण ३८ लिहायचो. आता हिशेब खाली आला आहे.) ही दुसरी पद्धत फार देखणी आहे. मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन उपसून साठवले जातात, कोयनेच्या धरणात पाणी साठावं तसे. मग ते एका प्रथिनातून खाली येताना ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं आणि फिरता फिरता एटीपी बनवतं. टर्बाइनच. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं.

आता प्रश्न असा, की ऑक्सिजन हाताशी असताना कुणी ३० सोडून २ का घेईल?

*

ओटो वॉरबर्ग यांना १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये हेच दिसलं. ते गाठींचे पातळ काप करायचे, काचेच्या भांड्यात ठेवायचे आणि कुठला वायू किती घेतला, किती सोडला ते मोजायचे. ऑक्सिजन भरपूर असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल करत होत्या. थोडंसं यीस्टसारखं. हाच 'वॉरबर्ग परिणाम'. पेट स्कॅन त्याच्याच जोरावर चालतो. १९३१ चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी.

वॉरबर्ग हा वाकणारा माणूस नव्हता. वडिलांकडून ज्यू वंशाचा असूनही नाझी राजवटीत तो बर्लिनमध्येच राहिला. १९४१ मध्ये त्याला पदावरून काढलं आणि थोड्याच दिवसांत परत घेतलं. कॅन्सरवर काम करणारा माणूस सत्तेलाही हवा होता, असं त्याचं कारण सांगतात. त्याचा जुना सहायक हान्स क्रेब्स १९३३ मध्येच इंग्लंडला निघून गेला आणि तिथे त्याने ते चक्र शोधलं, जे आपण पाठ करून विसरलो. वॉरबर्गने मात्र आपला देश सोडला नाही आणि आपलं मतही. १९५६ मध्ये त्याने ठामपणे लिहिलं, की कॅन्सरची सुरुवात पेशीचं श्वसन कायमचं बिघडण्यातून होते. त्यानंतर जगायचं म्हणून पेशी आंबवण्याकडे वळते. कारणं हजार असतील, मूळ एकच. त्याच्या चित्रात कॅन्सरची पेशी ही मोडलेली, खालच्या पायरीवर घसरलेली पेशी होती. बघा, यातही एक नैतिक सूर आहेच. घसरण, अधःपतन.

हे चित्र बरंचसं चुकीचं निघालं. बऱ्याच गाठींतल्या पेशींचे मायटोकाँड्रिया व्यवस्थित चालतात. इतकंच नाही, २०१५ मधल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात गाठीच्या पेशींमधला मायटोकाँड्रियाचा डीएनए काढून टाकला, तर त्यांना वाढणं जड गेलं. आणि ज्या वाढल्या, त्यांनी आजूबाजूच्या निरोगी पेशींकडून तो मिळवला होता! मोडक्या इंजिनाची गाडी असं करत नाही. काही थोड्या प्रकारांत मात्र वॉरबर्गचं म्हणणं खरं निघतं. क्रेब्स चक्रातलं एखादं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असेल तर काही विशिष्ट गाठी होतात. मेंदूच्या काही गाठींमध्ये आयडीएच नावाचं एन्झाइम बदललेलं असतं आणि त्यावर आता औषधंही आहेत. पण सगळ्या कॅन्सरचं मूळ तिथे नाही.

मग २ एटीपीचा आतबट्ट्याचा धंदा कशासाठी? २००९ मध्ये व्हँडर हायडेन, कँटली आणि थॉम्पसन यांनी एका लेखात याचं उत्तर नीट मांडलं, आणि मला ते फार आवडतं, कारण ते इतकं घरगुती आहे. समजा तुमच्याकडे लाकूड आहे. नुसता स्वयंपाक करायचा असेल तर ते चुलीत घाला, भरपूर उष्णता मिळेल. पण घर बांधायचं असेल तर तुळया, वासे, चौकटी कशाच्या करणार? चुलीतून राख मिळते, वासा मिळत नाही. एकाची दोन होणाऱ्या पेशीला दुप्पट डीएनए, दुप्पट पडदे, दुप्पट प्रथिनं लागतात. तिला ग्लुकोज हवंय त्यात कार्बनचा मोठा वाटा आहे, जळण हा त्याचा एकच उपयोग. सगळं जाळून कार्बन डायऑक्साइड केलं तर बांधायला काय उरलं?

आणि हे फक्त कॅन्सर करत नाही. गर्भातल्या सुरुवातीच्या पेशी असंच करतात. व्हायरस आल्यावर भराभर वाढणाऱ्या टी-पेशी असंच करतात. वाढीचा हा जुना, चाचणी झालेला कोड आहे. तो चालला नसता तर तुम्ही नऊ महिन्यांत एका पेशीचे तीन किलो झाला नसता. कॅन्सरने नवीन काही लिहिलेलं नाही. लूप तोच आहे, थांबायची अट तेवढी कुठेतरी कमेंट झाली आहे.

*

माझी आत्या इस्लामपूरला असते. आजूबाजूला ऊस. तीन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. आणि घरात एक फतवा निघाला: गोड बंद. कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं, 'साखर हे कॅन्सरचं अन्न आहे, ते तोडा, कॅन्सर उपाशी मरेल.' आधी चहातली साखर गेली. मग गूळ, मग फळं, मग भात, कारण भाताचीही शेवटी साखरच होते. तोंड सोललेलं, त्यात भाकरी चावत नाही आणि मऊ भात द्यायचा नाही. दोन सायकल होईपर्यंत ५८ किलोची आत्या ४९ वर आली. तिसऱ्या सायकलच्या आधी डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर डोस पुढे ढकलावा लागेल. आहारतज्ज्ञ बाई तर चिडल्याच. "यांना खायला घाला हो आधी," असं त्या काकांना म्हणाल्या.

फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य असतं म्हणून तो चालतो. गाठ साखर ओरपते हे खरं. पण तुम्ही साखर खाल्ली नाही म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती बनवत राहतं, आणि गरज पडली तर स्नायू मोडून त्यातून बनवतं. म्हणजे उपाशी राहून गाठीचं ताट रिकामं होत नाही, आत्याचं मात्र होतं. आहाराचा आणि कॅन्सरचा काहीच संबंध नाही असंही नाही. लठ्ठपणामुळे किमान १३ प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे. इन्सुलिन कमी ठेवणारा आहार विशिष्ट औषधाला मदत करतो का, यावर गंभीर काम चालू आहे. त्याच कामात, २०१८ मध्ये, असंही दिसलं की कर्बोदकं जवळपास बंद केलेल्या कीटो आहाराने उंदरांतला एका प्रकारचा रक्ताचा कॅन्सर उलट जोरात वाढला. थोडक्यात, हे प्रकरण वैद्यांच्या देखरेखीचं आहे, काकांच्या आणि माझ्या मामेभावाच्या नाही.

पण मला अस्वस्थ केलं ते आहाराने नाही. एका संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "लग्न झाल्यापासनं जेवण झालं की गुळाचा खडा खात आले बघ मी. त्यानंच झालं असंल का रे?"

बासष्ट वर्षांची बाई. आयुष्यभर सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवलेली. तिच्या दिवसातला तेवढाच एक स्वतःसाठीचा खडा, आणि आता तो पुरावा झाला होता.

"नाही गं आत्या," मी म्हणालो. तिला ते पटलं असं वाटलं नाही. कारण माझ्या 'नाही'पेक्षा फॉरवर्डमधली गोष्ट जास्त घट्ट विणलेली होती. तिच्यात गुन्हा होता, गुन्हेगार होता, शिक्षा होती आणि प्रायश्चित्तसुद्धा होतं. जुन्या काळी हेच 'पूर्वजन्मीचं' म्हणून सांगितलं असतं. आता लाइफस्टाइल म्हणून सांगतात. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीत निदान आधीचा जन्म कुणाला आठवत नव्हता. गुळाचा खडा आठवतो.

सुझन सोनटॅग यांनी स्वतःच्या कॅन्सरनंतर १९७८ मध्ये आजाराच्या रूपकांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा अमेरिकेत समज होता की भावना दाबून ठेवणाऱ्या माणसांना कॅन्सर होतो. सोनटॅग यांचा राग त्यावर होता: आजार वर, आणि तो ओढवून घेतल्याचा ठपकाही वर. कारण बदललं, ठपका तोच राहिला. आपल्या भाषेतही एक खोच आहे. 'कारणीभूत' हा शब्द घ्या. पाऊस पुराला कारणीभूत असतो आणि ठेकेदार पूल पडायला कारणीभूत असतो. पहिल्यात आरोप नाही, दुसऱ्यात आहे. एकाच शब्दाने आपण दोन्ही बोलतो, आणि आजारी माणसाशी बोलताना पहिल्या अर्थाने सुरू केलेलं वाक्य दुसऱ्या अर्थाने संपतं.

*

आता म्हातारपण. इथे मला आमच्याच बिरादरीशी भांडायचं आहे.

मायटोकाँड्रिया हे एके काळी स्वतंत्र जिवाणू होते. दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि राहिले. लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं आणि आज ते सर्वमान्य आहे. त्यांच्याकडे अजूनही स्वतःचा छोटा डीएनए आहे, माणसात १६,५६९ अक्षरांचा, आईकडून येणारा. हे भाडेकरू फक्त वीज पुरवत नाहीत. पेशीच्या मरणाची एक किल्लीही त्यांच्याकडे आहे. सायटोक्रोम सी नावाचं एक छोटं प्रथिन ऊर्जेच्या साखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेतं. पेशी फार बिघडली की तेच प्रथिन मायटोकाँड्रियाबाहेर गळतं आणि पेशीला स्वतःला संपवायचा आदेश सुरू होतो. १९९६ मध्ये हे कळलं. जगवणारा आणि मारणारा रेणू एकच. असं डिझाइन मी रिव्ह्यूमध्ये पास केलं नसतं, पण विचार केला की त्यातलं तर्कशास्त्र दिसतं: वीजघर जिथे आहे, तिथेच मेन स्विच.

अब्जावधी पेशींचं एक शरीर होणं हा एक करार आहे. प्रत्येक पेशीने वाढायचा हक्क सोडलेला असतो. पी-५३ नावाचं प्रथिन त्यावर नजर ठेवतं: डीएनए फाटला, की थांब, दुरुस्त होत नाही, की मर किंवा कायमची निवृत्त हो. निम्म्याच्या आसपास माणसांच्या गाठींमध्ये हाच पहारेकरी निकामी झालेला आढळतो. मग साधा उपाय सुचतो, पहारा वाढवा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पी-५३ जरा जास्तच सतर्क असलेल्या उंदरांबद्दल लिहिलं. त्यांना गाठी खूप कमी झाल्या. आणि ते लवकर म्हातारे झाले. हाडं ठिसूळ, कातडी पातळ, जखमा भरायला उशीर, आयुष्य कमी. पेशींना इतक्या पटापट निवृत्त केलं की डागडुजी करायला कुणी उरलं नाही.

माझ्यासाठी हे सगळ्या वाचनातलं सर्वांत हलवून टाकणारं पान होतं. कॅन्सर म्हणजे वाढ न थांबणं; म्हातारपण म्हणजे, अंशतः तरी, वाढ थांबवल्याची किंमत. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी बशीत सुमारे ५० वेळा विभागतात आणि थांबतात. न थांबणाऱ्या मानवी पेशींमध्ये सर्वांत प्रसिद्ध पेशी हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या आहेत. त्या १९५१ मध्ये तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ती त्याच वर्षी, ३१ वर्षांची असताना वारली. अमरत्व मिळालं ते गाठीला.

मात्र हे फार गुळगुळीत करून सांगायचा मोह टाळला पाहिजे. सगळंच काही देवाणघेवाण नसतं. हत्तीकडे पी-५३ च्या सुमारे २० जोड्या आहेत, आपल्याकडे एक. आणि तो दीर्घायुषी आहे, त्याला कॅन्सरही आकाराच्या मानाने कमी होतो. उंदरांना पी-५३ च्या जादा प्रती दिल्या, पण त्यांचं नियंत्रण मूळचंच ठेवलं, तर ते लवकर म्हातारे झाले नाहीत, असंही नंतर दिसलं. म्हणजे पहारा किती यापेक्षा तो केव्हा उठतो आणि केव्हा बसतो, याला महत्त्व आहे. कायम रेड अलर्टवर असलेल्या सर्व्हरवर काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पण 'बग' म्हणणाऱ्यांची अडचण इथेच होते. बग म्हणजे अशी ओळ, जी काढली की बाकी प्रोग्राम जसाच्या तसा सुधारतो. इथे तशा ओळी फार कमी आहेत. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये म्हटलं की श्वसनातून निघणारे फ्री रॅडिकल्स पेशी झिजवतात आणि तेच म्हातारपण. सुबक कल्पना. मग अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या की! फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसाच एक प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. ज्यांना आपण कचरा समजत होतो ते रॅडिकल्स पेशीला निरोपही पोचवत होते. २००९ मधल्या एका छोट्या अभ्यासात तर व्यायामासोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्यावर व्यायामाचा इन्सुलिनवरचा फायदाच पुसला गेला. लॉग फाइल्स डिलीट करून सिस्टिम निरोगी होत नाही.

*

"म्हणजे मग कशानेच काही होत नाही, सगळं नशीब?" असं कुणी विचारेल. नाही. माझी आजी मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने दातांना. आमच्या भागातल्या अर्ध्या आज्या लावायच्या. तंबाखूचा आणि तोंडाच्या कॅन्सरचा संबंध गुळाच्या खड्यासारखा हवेतला नाही, तो पक्का आहे. इथे तर दोष देता येईल ना?

पण मिश्री का लावायची, हे आजीला विचारलं होतं. ती म्हणायची, दुपारपर्यंत भूक लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीत, बांधकामावर तंबाखू मळणारा माणूसही हेच सांगतो. परत भूकच. पोटातली भूक मारायला घेतलेली वस्तू पेशीतली भूक मोकाट सोडते. यात निवड कुणाची होती? थोडी आजीची होती, ती मी नाकारणार नाही. माणसाकडून सगळी निवड काढून घेतली तर त्याचा मानही जातो. पण तिच्या वाट्याला भाकरी शेवटी येते हे ठरवणाऱ्यांचीही थोडी होती. आणि ज्यांनी विकलं त्यांची. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर तो कसा मिळतो हे तुम्हीच सांगा.

मला वाटतं जबाबदारी हा शब्द उद्यासाठी वापरावा. तंबाखू सोड, तपासणी करून घे, चाल, वजन बघ, हे धडधाकट माणसाला हक्काने सांगावं, कायद्यानेही सांगावं. पण निदानाच्या दुसऱ्या दिवशी तेच वाक्य उलटं फिरवून मागच्या वर्षांवर लावायचं नाही. त्यातून आता काहीच वाचत नाही. फक्त खाटेवरचा माणूस हिशेब मांडत बसतो आणि त्याला जेवण जात नाही. आत्याला आम्ही हळूहळू खायला घातलं. शिरा, मऊ भात, अंडी, साखरेचा चहा. गूळ तिने पुन्हा घेतला नाही. वजन आलं, उपचार पूर्ण झाले, सध्या सहा महिन्यांनी दाखवायला जाते.

आणि दीर्घायुष्याच्या मागे लागलेल्या लोकांबद्दल? मी त्यांना हसत नाही. बाविसाव्या वर्षी हसलो असतो. रॅपामायसीनची गोष्ट वाचल्यावर तर नाहीच. १९६४ मध्ये ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या मोहिमेने तिथली माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून हे द्रव्य मिळालं, ते मॉन्ट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या प्रयोगशाळेत. कंपनीने प्रकल्प गुंडाळला, तेव्हा सेहगल यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले. पुढे ते द्रव्य किडनी बदललेल्या रुग्णांसाठी औषध झालं. अन्न भरपूर आहे, वाढा, असा निरोप पेशीला देणारा जो मुख्य स्विच आहे, तो हे औषध दाबतं. त्याची भावंडं मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर दिली जातात. आणि २००९ मध्ये दिसलं, की ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने साठीच्या आसपासच्या उंदरांना ते दिलं तरी ते जास्त जगतात. म्हणजे इथे कॅन्सर आणि म्हातारपण एकाच बाजूला आहेत आणि एकच स्विच दोघांनाही मंदावतो. त्याबदल्यात प्रतिकारशक्ती दबते, तोंडात फोड येतात, जखमा उशिरा भरतात. फुकट तेही नाही. निरोगी माणसाने ते वर्षानुवर्षं घ्यावं का, याचं उत्तर उंदीर देऊ शकत नाहीत.

सेहगल यांना १९९८ मध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, पसरलेला. डॉक्टरांनी थोडे महिने सांगितले होते. ते आपलंच औषध घेऊ लागले आणि काही वर्षं बरे राहिले. मग, त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर सांगितलं आहे त्याप्रमाणे, त्यांनी ते थांबवलं. आपण टिकून आहोत ते औषधामुळे की आपोआप, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. कॅन्सर परत आला. २००३ च्या जानेवारीत ते गेले. एका माणसावरच्या अशा प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक असणार.